सेनियो नदीच्या बांधावर नगरचा नामदेव

आपल्या जिल्ह्यातल्या एका जवानाला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला होता, ही गोष्ट पाथर्डीच्या बाजारात दहा जणांना विचारली तर दोघांना तरी ठाऊक असेल की नाही, शंकाच आहे. परमवीर चक्र म्हटले की आपल्याला लगेच उमगते. पण ते चक्र २६ जानेवारी १९५० ला सुरू झाले. त्याआधी हिंदी जवानाला जो सर्वांत मोठा मान मिळू शकत होता, तो व्हिक्टोरिया क्रॉसचा. काशाचा छोटासा क्रूस, त्यावर सिंह आणि मुकुट, खाली 'शौर्यासाठी' अशा अर्थाचे दोन इंग्रजी शब्द. सोन्याचांदीचा गुंजभरही अंश त्यात नाही. १८५६ साली तो निघाला, आणि हिंदी शिपायाला तो मिळण्याची वाट १९११ साली मोकळी झाली. तोवर काळ्या शिपायाने कितीही पराक्रम केला तरी त्याला वेगळे, खालच्या मानाचे पदक मिळायचे.

हा मान मिळवणारा नगरचा जवान म्हणजे नामदेव जाधव. गाव निमज, तालुका संगमनेर. जन्म १८ नोव्हेंबर १९२१. पाथर्डी जिल्ह्याच्या पूर्वेच्या टोकाला, संगमनेर वायव्येला. आपल्याकडे गर्भगिरीचे उघडे डोंगर आणि पावसाकडे लागलेले डोळे, तिकडे प्रवरेचे पाणी. पण घरातला एक भाऊ औतामागे आणि दुसरा पलटणीत, ही रीत दोन्हीकडची एकच. आजही पहाटे नगर-पाथर्डी रस्त्याने जा, भरतीसाठी पळणारी पोरे दिसतील. त्या पोरांना तरी नामदेवाची हकिकत माहीत असावी, म्हणून ती सविस्तर सांगतो.

नामदेव मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये शिपाई होता. तेव्हाचे तिचे पुरते नाव 'पाचवी मराठा लाइट इन्फंट्री, पहिली बटालियन'. जवान तिला जंगी पलटण म्हणतात. १७६८ साली मुंबईत उभी राहिलेली ही जुनी पलटण. दुसऱ्या महायुद्धात ती आठव्या हिंदी डिव्हिजनमधून इटलीला गेली. सप्टेंबर १९४३ मध्ये हे डिव्हिजन इटलीच्या दक्षिणेला, तारांतो बंदरात उतरले. तिथून उत्तरेकडे सरकत सरकत, एकेक नदी आणि एकेक डोंगर घेत त्याला दीड वर्ष लागले. सांग्रो नदी, मोरो नदी, कसिनोजवळची गारी नदी. इटलीचा नकाशा पाहिला तर ध्यानात येते की देशाच्या मधोमध डोंगराचा कणा आहे आणि दोन्ही अंगांनी नद्या समुद्राकडे धावतात. दक्षिणेकडून उत्तरेकडे जाणाऱ्या फौजेला प्रत्येक नदी आडवीच लागणार. जर्मन सेनापतींनी याचाच फायदा घेतला. एक नदी सोडली की मागे दुसरी तयारच.

यातली अखेरच्या लढाईतली एक नदी सेनियो. नामदेवाची गोष्ट तिच्याच काठची आहे.

नदी म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे गोदावरी उभी राहते, निदान प्रवरा तरी. सेनियो तशी मुळीच नाही. लढाईच्या जागी तिचे पात्र अवघे १५ फूट रुंद आणि पाणी ४ ते ५ फूट खोल. आपण तिला ओढाच म्हणू. पण या ओढ्याला दोन्ही अंगांनी मातीचे बांध आहेत, आणि त्यांची उंची ३० ते ३५ फूट. पाच-सहा परस खोल विहीर डोळ्यांपुढे आणा, तेवढी उंची जमिनीच्या वर उभी केली आणि मैलोगणती लांबवली, म्हणजे सेनियोचा बांध. चढ इतका उभा की हाताचा आधार घेतल्याशिवाय चढता येत नाही.

एवढे बांध कशासाठी, हे शेतकऱ्याला चटकन कळेल. तो सगळा मुलूख सपाट, काळ्या कसदार जमिनीचा, द्राक्षांचा आणि फळबागांचा. डोंगरातून येणाऱ्या नद्या गाळ आणतात, पात्र वर उचलत जाते, आणि शेते नदीच्या पातळीच्या खाली राहतात. म्हणून तिथल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या माती टाकून बांध वाढवले. ते फुटले की काय होते हे मे २०२३ मध्ये दिसले. त्या महापुरात सेनियोचे पाणी काठ सोडून बाहेर पडले आणि लुगोसारखी गावे पाण्यात गेली. शेत वाचवायला घातलेला असा बांध १९४५ साली जर्मनांनी किल्ल्याच्या तटासारखा वापरला.

त्यांनी काय केले ते नीट समजून घेतले पाहिजे, नाहीतर नामदेवाचा पराक्रम कळायचा नाही. त्यांनी दोन्ही बांध आतून पोखरले. घुशी बांध पोखरतात तसे. बांधाच्या पोटात राहण्याच्या खोल्या, दारूगोळ्याची कोठारे, मशीनगनच्या चौक्या, आणि एकीतून दुसरीत जायला वाटा. आपली फौज पूर्वेला होती, जर्मन पश्चिमेला. पण पूर्वेच्या, म्हणजे आपल्या बाजूच्या बांधाचे नदीकडचे अंगही जर्मनांच्याच ताब्यात होते. काही जागी तर बांध एकच, अलीकडच्या उतारावर आपले जवान आणि पलीकडच्या उतारावर जर्मन. मध्ये फक्त मातीची जाडी. त्या आतल्या अंगावर चौक्यांच्या वरच्या बाजूला त्यांनी सुरुंगांचा पट्टा पेरला होता, म्हणजे माथ्यावरून कोणी खाली उतरू लागला तर पाय सुरुंगावरच पडावा. तोफेचा गोळा बांधाच्या बाहेरच्या अंगावर आपटतो किंवा वरून निघून जातो. आतल्या अंगाच्या बिळात बसलेल्या माणसाला तो सहसा लागत नाही.

१९४४-४५ चा हिवाळा दोन्ही फौजांनी या बांधांच्या आडोशाने काढला. वसंत आला, जमीन वाळली, आणि ९ एप्रिल १९४५ हा हल्ल्याचा दिवस ठरला.

दुपारपासून शेकडो बॉम्बफेकी विमानांनी जर्मन ठाण्यांवर बॉम्ब टाकले. मग तोफा सुरू झाल्या. थोडा वेळ थांबायच्या, जर्मनांना वाटायचे आता पायदळ येणार, ते बिळातून वर यायचे, की पुन्हा तोफा. असे अनेकदा झाले. संध्याकाळी विमाने शेवटची फेरी घेऊन अगदी खालून गेली, पण त्या फेरीत त्यांनी काहीच टाकले नाही. शत्रूने मान खाली घालून बसावे आणि तेवढ्यात आपल्या पायदळाने बांध गाठावा, एवढाच त्यातला डाव. आग ओकणाऱ्या गाड्यांनी बांधाच्या माथ्यावरून ज्वाळांचे लोट सोडले. एवढे सगळे झाल्यावर खरे तर पलीकडे कोणी जिवंत उरायला नको होते. पण मातीच्या पोटात बसलेला माणूस मोठा चिवट असतो. मराठे बांधावर चढले तेव्हा मशीनगन बोलू लागल्याच.

बेत असा होता. मराठ्यांच्या एका कंपनीने पूर्वेच्या बांधावर हल्ला करायचा. त्यानंतर बरोबर तीन मिनिटांनी दुसऱ्या कंपनीने नदी ओलांडून पश्चिमेचा बांध घ्यायचा. नामदेव या दुसऱ्या कंपनीत 'रनर' होता. रनर म्हणजे निरोप्या. त्या काळी लढाईच्या धुमाळीत वायरलेस बंद पडायचा, तारा तुटायच्या. मग कंपनी कमांडरचा हुकूम पुढच्या तुकडीला आणि तिची खबर मागे पोचवायची ती रनरने, गोळ्यांच्या पावसात धावत. म्हणून रनर नेहमी कमांडरच्या अंगासरसा असतो. त्या दिवशीही नामदेव कमांडरबरोबर, पुढच्या तुकडीच्या मागोमाग निघाला.

बांध चढले, आतल्या अंगाने उतरले, पाण्यात शिरले. छातीपर्यंत पाणी, हत्यार वर धरलेले. पलीकडच्या काठाला पाय लागतात न लागतात तोच गोळ्या सुरू झाल्या, आणि त्या समोरून नव्हत्या, पाठीमागून होत्या! ज्या बांधावरून ते आत्ताच उतरून आले होते, त्याच पूर्वेच्या बांधाच्या आतल्या अंगात निदान तीन जर्मन चौक्या शाबूत राहिल्या होत्या. त्यांनी मराठ्यांना पाण्यात उतरू दिले आणि मग पाठीवर आग धरली. ना आडोसा, ना मागे जायला वाट. कंपनी कमांडर आणि दोन जवान जखमी झाले. त्या टोळीतले बाकीचे सगळे ठार झाले. एक नामदेव तेवढा उभा राहिला.

इथे क्षणभर थांबून विचार करा. तेवीस वर्षांचा गडी. हुकूम देणारा अधिकारी जखमी. निरोप द्यायचा तर कोणाला? त्याचे स्वतःचे काम, रनरचे, तिथेच संपले होते. पश्चिमेच्या बांधाला चिकटून अंधार पडायची वाट पाहिली असती, तरी त्याला कोणी नाव ठेवले नसते.

त्याने एका जखमी जवानाला अंगावर घेतले. ज्या पाण्यातून आला त्याच पाण्यात पुन्हा उतरला. पाणी ओलांडून पूर्वेचा तो उभा बांध चढला. आपल्यातल्या ज्याने ओले पोते पाठीवर घेऊन विहिरीच्या पायऱ्या चढल्या असतील, त्याला याची थोडीशी कल्पना येईल. आणि हे ओझे म्हणजे धडधडीत जिवंत माणूस, भिजलेल्या गणवेशाचा, पट्ट्याबुटांसह. वाटेत तो सुरुंगांचा पट्टा. डाव्या-उजव्या हाताला जर्मन चौक्या, वरून उखळी तोफांचे गोळे. त्याने जखमीला माथ्यापलीकडे, सुरक्षित जागी नेऊन ठेवले.

आणि तो परत फिरला. पुन्हा सुरुंग, पुन्हा उतार, पुन्हा पाणी. दुसऱ्या जखमीला घेतले आणि त्याच वाटेने वर आणले.

माझ्या मते नामदेवाच्या पराक्रमाचा गाभा या दुसऱ्या फेरीत आहे. पहिली फेरी माणूस भरात करून जातो. दुसऱ्या वेळी मात्र पुढे काय वाढून ठेवले आहे हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते. पुढे त्याने जे केले त्याचीच वाहवा जास्त होते, कारण त्यात बंदूक आहे. पण त्या दोन जखमींच्या घरी, त्यांच्या आयाबहिणींना विचारले असते तर त्यांनी काय सांगितले असते?

दोन्ही जखमी सुखरूप झाले, पण अडचण तशीच होती. त्या मशीनगन चालू असेपर्यंत दोन्ही कंपन्या जागच्या जागी खिळलेल्या होत्या. पलीकडे कोणी जाऊ शकत नव्हते. आणि डोळ्यांपुढे बरोबरीच्या सोबत्यांची प्रेते होती. नामदेव तिसऱ्यांदा त्या उघड्या बांधावरून आत शिरला, या वेळी एकटा आणि हातात टॉमी गन घेऊन. सर्वांत जवळच्या चौकीवर तो सरळ धावून गेला आणि ती त्याने गप्प केली. त्या झटापटीत त्याच्या हाताला गोळी लागली. बंदूक चालवता येईना. ती त्याने फेकून दिली आणि हातबॉम्ब घेतले.

हातबॉम्बला जवळ जावे लागते. पिन काढली की मोजके सेकंद हातात राहतात. जखमी हाताने हे काम करत त्याने एकामागून एक आणखी दोन चौक्यांवर चाल केली आणि दोन्ही नष्ट केल्या. मध्येच त्याच्याजवळचे बॉम्ब संपले. तेव्हा तो सरपटत माथ्यावर गेला, पलीकडच्या उतारावर आडोशाला असलेल्या सोबत्यांकडून बॉम्ब घेतले आणि पुन्हा खाली उतरला. सुगीत कणसे वाहणारा गडी रिकामी पाटी घेऊन खळ्यावरून परत रानात जातो ना, तसा. तो बॉम्ब मागायला आला तेव्हा तिथेच आडोशाला बसून राहिला असता तर? हात जखमी होता, कोणी हरकत घेतली नसती.

पूर्वेच्या बांधावरच्या सगळ्या मशीनगन बंद झाल्या. तरी उखळी तोफा चालूच होत्या. अशा वेळी नामदेव बांधाच्या माथ्यावर चढला आणि उघड्यावर ताठ उभा राहिला. मराठ्यांची युद्धगर्जना देत, हात हलवून त्याने मागच्या कंपन्यांना पुढे बोलावले. मराठा लाइट इन्फंट्रीची गर्जना म्हणजे 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय'. पलटणीत असे सांगतात की ती १९४१ साली पूर्व आफ्रिकेत, एरिट्रियातल्या केरेनच्या लढाईत प्रथम दुमदुमली. रायगडापासून हजारो मैलांवर, आग पाखडणाऱ्या बांधावर ते नाव निघाले, आणि मराठे नदी ओलांडून गेले.

सरकारी मानपत्रात या लढाईचे फळ थोडक्यात नोंदले आहे. नामदेवामुळे सोबत्यांचे प्राण वाचले, दोन बटालियनना नदीचे दोन्ही काठ घट्ट धरता आले, तिथून पुढे मुसंडी मारता आली, आणि अखेर त्या भागातला जर्मन प्रतिकार कोसळला. दुसऱ्या दिवशी, १० एप्रिलला लुगो गाव मोकळे झाले. तीन आठवड्यांनी, २ मे १९४५ रोजी इटलीतल्या जर्मन फौजेने शस्त्रे खाली ठेवली. जूनमध्ये नामदेवाचा व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला.

त्याच संध्याकाळी, त्याच नदीवर, त्याच आठव्या हिंदी डिव्हिजनमधल्या आणखी एका शिपायाने असाच पराक्रम केला. तो कोहाटचा पठाण, अली हैदर. फ्रंटियर फोर्स रायफल्समधला. त्याच्या तुकडीतले तिघेच पार पोचले, आणि त्याने जखमी होऊनही दोन चौक्या घेतल्या. त्यालाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दोन वर्षांनी देशाची फाळणी झाली. कोहाट पाकिस्तानात गेले आणि एका नदीचे दोन वीर दोन देशांचे झाले.

इटलीच्या मोहिमेत हिंदी फौजेतल्या सहा जवानांना हा मान मिळाला. त्यांतले दोघे मराठा लाइट इन्फंट्रीचे. दुसरे यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. ते १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात लढता लढता कामी आले. त्यांच्या नावाचे स्मारक २०२३ साली इटलीतल्या मोंतोने गावी उभे राहिले.

समुद्रकिनाऱ्यावर फौज उतरवण्याच्या लढाया फार गाजल्या. नॉर्मंडीचा किनारा, ६ जून १९४४, हे तर सिनेमामुळे घरोघरी पोचले. पण किनारा समुद्राचा असो वा ओढ्याएवढ्या नदीचा, पाण्यातून वर येणाऱ्या शिपायाची गत एकच. अंग जड, पाय रुतलेले, आडोसा नाही, आणि काठावर बसलेला शत्रू आधीपासून नेम धरून. नॉर्मंडीला समोर समुद्रभर जहाजांच्या तोफा तरी साथीला होत्या. सेनियोच्या पात्रात १५ फूट पाणी आणि दोन्ही अंगांना मातीच्या भिंती.

आता एक अवघड गोष्ट. नामदेव लढत होता तो इंग्रजांच्या फौजेत. ऑगस्ट १९४२ पासून मार्च १९४५ अखेरपर्यंत पंडित नेहरू आपल्याच नगरच्या किल्ल्यात बंदिवान होते. त्यांना तिथून हलवल्याला पंधरा दिवसही झाले नव्हते, तेव्हा नगरचाच एक शेतकऱ्याचा मुलगा इटलीत राजाच्या फौजेतून नाझींशी झुंजत होता. यावरून कोणाला कमी-जास्त ठरवण्याचा आग्रह काही लोक धरतात. मला तो पटत नाही. पलटणीत गेलेली बहुतेक पोरे पोटासाठी गेली. घरची मनिऑर्डर, सावकाराचे देणे, बहिणीचे लग्न. आणि हिटलरची राजवट बुडायलाच हवी होती, हे तर किल्ल्यातल्या नेत्यांनाही मान्य होते. त्या संध्याकाळी नामदेवाने राजाकडे पाहिले असेल असे मला वाटत नाही. त्याने पाण्यात पडलेल्या दोन सोबत्यांकडे पाहिले.

नामदेवराव लढाईतून जिवंत परतले. पुढे ते हवालदार झाले. २ ऑगस्ट १९८४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा ते ६२ वर्षांचे होते.

जे परतले नाहीत, त्यांची नोंदही कुठेतरी आहे, आणि वाचकांपैकी काही घरांना तिचा उपयोग होईल म्हणून सांगतो. इटलीत फोर्ली गावी हिंदी जवानांची दफनभूमी आहे, आणि ज्यांचे दहन झाले त्यांच्यासाठी वेगळे स्मारक आहे. सांग्रो नदीकाठीही असेच दहन-स्मारक आहे. ही स्मारके राष्ट्रकुल युद्ध कबर आयोग सांभाळतो आणि दोन्ही महायुद्धांतल्या मृतांच्या याद्या कोणालाही विनामूल्य पाहू देतो. आपल्या घराण्यातला कोणी आजा-पणजा 'लामावर' गेला आणि परत आलाच नाही, एवढेच ऐकून असाल, तर शाळेत शिकणाऱ्या पोराला मोबाइलवर ती यादी शोधायला सांगा. नावाचे स्पेलिंग इंग्रजी कारकुनाने कसेही केलेले असते, जाधवचे 'जादव' आणि 'जाधाव' दोन्ही करून पाहा. पलटणीचा नंबर, जुने डिस्चार्ज बुक, पदक असे काही ट्रंकेत असेल तर ते मोडीत घालू नका, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दाखवा. पदकाच्या कडेवर बारीक अक्षरांत नंबर आणि नाव कोरलेले आहे का तेही बघा. पहिल्या महायुद्धातल्या पदकांवर ते असते. यादीत नाव सापडले तर बऱ्याचदा त्यापुढे बापाचे नाव असते, मग गावाचे, आणि शेवटी लिहिलेले असते, अहमदनगर, इंडिया.